कोळंबीतला ईएमएस आणि व्हिब्रिओंमधली विषाची देवाणघेवाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईएमएस आणि एएचपीएनडी एकच का?

नाही. बीज म्हणजे कोळंबीची पिल्ले तलावात सोडल्यावर पहिल्या महिना-सव्वा महिन्यात कोळंबी मोठ्या प्रमाणावर मेली, की तलावाच्या बांधावरून त्याला ईएमएस म्हणजे 'अर्ली मॉर्टॅलिटी सिंड्रोम' म्हणतात. 'ताप आला' म्हणण्यासारखे हे लक्षणाचे नाव झाले. अमोनिया वाढला, बीजच कमजोर होते, पांढरे ठिपके आले, काहीही असले तरी मर लवकर होऊ शकते.

एएचपीएनडी हा त्यातला एक नेमका रोग. 'अक्यूट हेपॅटोपॅन्क्रिअ‍ॅटिक नेक्रोसिस डिसीज' हे त्याचे पूर्ण नाव. हेपॅटोपॅन्क्रियाज म्हणजे कोळंबीचे पचन आणि साठवण सांभाळणारा अवयव. तलावावर त्याला सरळ 'लिव्हर' म्हणतात. २००९ च्या सुमारास चीनमध्ये हा रोग दिसला, पुढे व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड आणि २०१३ मध्ये मेक्सिको. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत तो २०१६ पासून आहे.

हा रोग घडवणारा व्हिब्रिओ जिवाणू समुद्रात आधीपासून होताच. मग अचानक मारक कसा झाला?

याच प्रश्नापाशी संशोधकही बराच काळ अडले होते. २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या ट्रान लोक आणि डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने कारण म्हणून व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचे नाव पुढे आणले, तेव्हा अनेकांना ते पटेना. हा जिवाणू उष्ण प्रदेशातल्या कुठल्याही खाडीच्या पाण्यात सापडतो, कोकणातल्याही. निरोगी कोळंबीच्या पोटातही असतो.

उत्तर २०१५ मध्ये मिळाले. मारक जिवाणूंत साधारण ७० हजार बेस-जोड्यांचे (म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचे) एक जादा डीएनए-कडे, म्हणजे प्लाझ्मिड, सापडले. त्याचे नाव पीव्हीए-१. निरुपद्रवी जिवाणूंत ते नव्हते. त्यावर शेजारी-शेजारी दोन जनुके आहेत, पिर-ए आणि पिर-बी. पिर-एचे प्रथिन सुमारे १३ किलोडाल्टनचे (हे रेणूच्या वजनाचे माप), पिर-बीचे ५० किलोडाल्टनचे. दोन्ही मिळून काम करतात, तेव्हा लिव्हरच्या नळ्यांमधल्या पेशी सुटून आत गळून पडतात.

या जोडीची त्रिमितीय घडण विदर्भातल्या बीटी कपाशीत बोंडअळीला मारणाऱ्या क्राय प्रथिनासारखी निघाली. क्राय प्रथिनाच्या तीन भागांपैकी पहिल्या दोघांसारखा पिर-बी, तिसऱ्यासारखा पिर-ए. (म्हणून बीटी कपाशीने कोळंबी मरते असा निष्कर्ष कुणी काढू नये. प्रथिने वेगळी आहेत, साम्य फक्त घडणीचे.)

ही जनुके बाहेरून आली हे कशावरून?

दोन खुणा आहेत.

पहिली खूण अक्षरांची. डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी यांचे प्रमाण प्रत्येक जिवाणूत साधारण ठरलेले असते. पीव्हीए-१ च्या उरलेल्या भागात ते ४६ टक्क्यांच्या आसपास आहे, पिर जनुकांच्या पट्ट्यात मात्र ३८ टक्के. मालवणी गप्पांत मध्येच दोन वाक्ये अस्सल वऱ्हाडी कानावर आली, तर बोलणारा बाहेरून आला आहे हे कुणी सांगावे लागत नाही.

दुसरी खूण म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ट्रान्सपोझेजची जनुके आहेत. ट्रान्सपोझेज हे डीएनएचा तुकडा कापून दुसरीकडे चिकटवणारे एन्झाइम. म्हणजे आधी पिर जनुके उडी मारून प्लाझ्मिडवर बसली आणि मग प्लाझ्मिड जिवाणूंमधून फिरू लागले. सर्वात जवळची नातेवाईक जनुके फोटोरॅब्डस या जमिनीतल्या जिवाणूत आहेत. तो सूत्रकृमींच्या पोटात राहतो आणि कीटकांना मारतो. 'पिर' हे नावही तिथलेच, 'फोटोरॅब्डस इन्सेक्ट-रिलेटेड'.

एका जिवाणूतून दुसऱ्यात प्लाझ्मिड जाते तरी कसे?

तीन वाटा आहेत, पण तिन्ही सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

पीव्हीए-१ साठी मुख्य वाट संयुग्मन, म्हणजे काँज्युगेशन. देणारा जिवाणू बारीक नळीसारखा धागा काढतो, शेजारच्याला चिकटतो, आणि प्लाझ्मिडचा एक धागा त्याच्यात सोडतो. दोघेही मग आपापल्याकडचा दुसरा धागा भरून काढतात, त्यामुळे देणाऱ्याचे काही कमी होत नाही. लागणारी बरीच यंत्रणा पीव्हीए-१ वरच आहे. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसकडून व्हिब्रिओ कॅम्पबेलीकडे ते असे जाते आणि घेणारा नवा जिवाणू कोळंबीत रोग घडवतो, हे २०१९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले गेले.

दुसरी वाट मेलेल्यांच्या सामानाची. व्हिब्रिओला कायटिन मिळाले की तो आजूबाजूचा सुटा डीएनए आत ओढू लागतो. पटकीच्या जिवाणूत (व्हिब्रिओ कॉलरी) हे २००५ मध्ये सिद्ध झाले. २०१५ मध्ये पुढचा भाग कळला: त्याच अवस्थेत हा जिवाणू शेजाऱ्याला विषारी सुई टोचून फोडतो आणि त्यातून सांडलेला डीएनए उचलतो. आता कोळंबीचे कवच कशाचे, कायटिनचेच. तलावाच्या तळाशी काती साचलेली जागा म्हणजे जिवाणूंचा आठवडी बाजार. पीव्हीए-१ च्या प्रसारात या वाटेचा वाटा मोठा असेल असे मात्र नाही. एवढे मोठे कडे अखंड आत ओढणे कठीण असते.

तिसरी वाट जिवाणूभक्षी विषाणूंची, म्हणजे फाजांची. पटकीचे विष बनवणारे जनुक व्हिब्रिओ कॉलरीकडे अशाच एका फाजावरून आले, हे १९९६ मध्ये कळले. त्या जिवाणूच्या बाबतीत ही वाट निर्णायक ठरली, पीव्हीए-१ च्या नाही.

आजवर कोणकोणत्या जातींत हे प्लाझ्मिड आढळले?

पॅराहिमोलिटिकस, कॅम्पबेली, हार्वेई, ओवेन्सी. हे चौघेही एकाच 'हार्वेई' कुळातले. कॅम्पबेली आणि हार्वेई तर इतके सारखे, की नेहमीच्या जैवरासायनिक चाचण्यांत एकाच्या नावावर दुसरा खपतो. दक्षिण अमेरिकेतल्या कोळंबीतून आणखी एक रोगकारक निघाला, त्याचे नाव ठेवले व्हिब्रिओ प्युनेन्सिस. तो नात्याने थोडा लांबचा, ओरिएंटॅलिस गटातला. नावावरून पुण्याची आठवण येते, पण पुण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

नातेवाइकांतच ही देवाणघेवाण का जास्त होते? आलेल्या प्लाझ्मिडला यजमानाच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढाव्या लागतात, आणि परका डीएनए कापणारी एन्झाइमे चुकवावी लागतात. घराणे एक असेल तर दोन्ही सोपे जाते. शिवाय ही सगळी मंडळी त्याच पाण्यात, त्याच गाळात, त्याच कोळंबीच्या पोटात असतात.

प्लाझ्मिड म्हणजे ओझे. जिवाणू ते टाकून का देत नाही?

कारण पीव्हीए-१ ने स्वतःची सोय करून ठेवली आहे. त्यावर पीएनडी-ए नावाचे जनुक आहे. ते असे चालते: प्लाझ्मिड असेपर्यंत पेशीत एक विष तयार होते आणि त्याला रोखणारा उताराही. विषाचा निरोप टिकाऊ, उतारा नाशवंत. विभाजनात एखाद्या पिल्लूपेशीला प्लाझ्मिड मिळाले नाही, तर उतारा आधी संपतो, विष उरते आणि ती पेशी मरते.

त्यामुळे 'पाणी बदलले की हे प्लाझ्मिड हळूहळू आपोआप जाईल' या आशेवर बसू नये. पिर जनुके गमावलेले प्लाझ्मिड निसर्गात सापडते, पण त्या अपवादावर तलाव चालवता येत नाही.

तलावात रोग ओळखायचा कसा?

चेक ट्रे, म्हणजे कोळंबी किती खाते ते पाहायला पाण्यात ठेवलेला ट्रे, उचला. खाद्य उरलेले दिसते, आतड्याची रेघ तुटक किंवा रिकामी दिसते. सुस्त पण जिवंत कोळंबी घ्या आणि डोक्याचे कवच उचला. निरोगी लिव्हर तपकिरी, भरलेले असते. रोगट लिव्हर फिकट किंवा पांढरट, आकाराने निम्म्यावर आलेले, कधी त्यावर काळे ठिपके किंवा रेघा. ते अंगठा आणि तर्जनीत दाबा: निरोगी लिव्हर लगेच पिचते, रोगट चिवटपणे टिकते. कवच मऊ पडलेले असते. मर बीज सोडल्यानंतर दहाव्या दिवसापासूनही सुरू होऊ शकते आणि शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

यावरून शंका घ्यावी. निदान करू नये. खात्री होते ती ऊतीचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. सुरुवातीच्या टप्प्यात नळ्यांमधल्या पेशी सुटून गळालेल्या दिसतात आणि तिथे जिवाणू दिसतच नाहीत. हे वाचून अनेक विद्यार्थी गोंधळतात. जिवाणू पोटात बसलेला असतो, त्याचे विष पुढे जाऊन लिव्हर पोखरते. लिव्हरमध्ये जिवाणूंची गर्दी होते ती शेवटच्या टप्प्यात, आणि तीही उरलेल्यावर ताव मारणाऱ्यांची.

नमुना कसा घ्यावा?

ऊतीची तपासणी, पीसीआर (जनुकाचा तुकडा शोधणारी चाचणी) आणि जिवाणू वाढवून पाहणे, या तिन्ही तपासण्यांसाठी नमुना वेगवेगळा लागतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

ऊतीच्या तपासणीसाठी मरणाला टेकलेली पण जिवंत कोळंबीच हवी. मेल्यावर लिव्हर काही मिनिटांत स्वतःच विरघळू लागते. बांधावरून गोळा केलेली मेलेली कोळंबी पाठवली तर अहवालात फक्त 'ऊती कुजलेली' असे येते. ऊती टिकवणारे डेव्हिडसन द्रावण आधी सुईने लिव्हरमध्ये टोचा, मग कोळंबी तिच्या दहापट द्रावणात बुडवा. २४ ते ४८ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.

पीसीआरसाठी पोट, आतडे आणि लिव्हर ९५ टक्के इथेनॉलमध्ये. बीज असेल तर अख्खे, पण डोळे काढून. डोळ्यांतले घटक पीसीआरची क्रिया अडवतात आणि खोटे निगेटिव्ह देतात. ब्रूडस्टॉक (बीज देणारी मोठी कोळंबी) मारायचा नसेल तर विष्ठा चालते.

जिवाणू वाढवायचा असेल तर नमुना बर्फात किंवा फ्रीझरमध्ये नको. थंडीत व्हिब्रिओ मरतात किंवा जिवंत असूनही माध्यमावर उगवत नाहीत. प्राणवायू भरलेल्या पिशवीत जिवंत कोळंबी पाठवा.

किती नग? साठ्यात २ टक्के बीज बाधित असेल आणि ते ९५ टक्के खात्रीने पकडायचे असेल, तर सुमारे १५० नग लागतात; ५ टक्के बाधित असतील तर ६० पुरतात. दहा नग तपासून दिलेले 'ईएमएस-मुक्त' प्रमाणपत्र त्या कागदाच्या किमतीचे.

पीसीआरमध्ये नेमके काय बघतात?

आधी जिवाणूंची संख्या वाढवून घेणे चांगले. नमुना २.५ टक्के मीठ घातलेल्या ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये किंवा अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये ३० अंश सेल्सिअसला ४ तास हलवत ठेवतात, गाळ बसू देतात, वरच्या द्रवातले जिवाणू सेंट्रिफ्यूजने खाली बसवतात आणि त्यातून डीएनए काढतात.

पहिल्या पिढीच्या एपी-१ आणि एपी-२ चाचण्या प्लाझ्मिडचा तुकडा शोधायच्या. पिर जनुके नसलेले प्लाझ्मिड आले की त्या खोटा पॉझिटिव्ह द्यायच्या. त्यांच्या जागी एपी-३ आली. ती थेट पिर-ए शोधते, तुकडा ३३६ बेस-जोड्यांचा. एपी-४ दोन टप्प्यांची: पहिल्यात १,२६९, दुसऱ्यात २३०. ती कितीतरी जास्त संवेदनशील आहे, म्हणून न वाढवलेल्या नमुन्यावरही चालते; पण तितकीच प्रयोगशाळेतल्या जुन्या डीएनएच्या शिंतोड्यानेही बिघडते. प्रत्येक फेरीत पाण्याचा निगेटिव्ह कंट्रोल आहे का, हे अहवालात विचारा.

पिर-ए आणि पिर-बी दोन्ही तपासावेत. थायलंडमध्ये अभ्यासलेल्या एक्सएन-८७ नावाच्या जिवाणूत पिर-ए तुटलेले आणि पिर-बी शाबूत होते. तो विष बनवत नव्हता, एएचपीएनडीची ऊतीतली लक्षणेही देत नव्हता, तरी कोळंबी मारत होता. म्हणजे व्हिब्रिओकडे या एका विषाखेरीज इतर शस्त्रेही आहेत.

अहवाल पॉझिटिव्ह आला पण मर नाही. चाचणी चुकली का?

बहुधा नाही. पीसीआर जनुक आहे की नाही एवढेच सांगते. त्यातून विष बनते का, किती बनते, हे सांगत नाही. प्रयोगांत रोग ठळकपणे उभा राहतो तो पाण्यात दर मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास जिवाणू असतात तेव्हा. त्याहून कमी संख्येवर तलाव दिसायला ठीक चालतो. तो पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे भरलेली बंदूक घरात आहे, असे समजा. गाळ, खाद्य आणि प्राणवायू यांवर त्याच दिवसापासून लक्ष वाढवा.

टीसीबीएस प्लेटवर हिरव्या वसाहती वाढल्या. तलाव गेला का?

टीसीबीएस हे व्हिब्रिओ वाढवून पाहण्याचे माध्यम. त्यावरचा हिरवा रंग एवढेच सांगतो की तो जिवाणू साखर आंबवत नाही. पॅराहिमोलिटिकस आणि कॅम्पबेली साधारणतः हिरवे, अल्जिनोलिटिकस पिवळा, हार्वेई दोन्ही रंगांत येतो. पण विषाची जनुके प्लाझ्मिडवर आहेत आणि प्लाझ्मिड फिरते आहे. हिरवा जिवाणू निरुपद्रवी असू शकतो, पिवळा विष बाळगणारा असू शकतो. 'हिरवे वाईट, पिवळे चांगले' हा तलावावरचा ठोकताळा पाण्याचा एकूण कल पाहण्यापुरता ठेवा. शंका आली तर वसाहत टोचून तिच्यावरच एपी-३ चालवा. जिवाणूच्या नावापेक्षा त्याच्याकडे काय सामान आहे हे महत्त्वाचे.

क्लोरीनने सगळे मारून टाकले तर प्रश्न मिटत नाही का?

क्लोरीन लागते, पण त्याच्या मागोमाग काय उगवते ते पाहा.

आधी हिशेब. एक हेक्टर तलावात एक मीटर पाणी म्हणजे दहा हजार घनमीटर. ६० पीपीएम (घनमीटरला ६० ग्रॅम) ब्लीचिंग पावडर म्हणजे ६०० किलो. पावडरीत ३० टक्के क्लोरीन असेल तर पाण्यात सुमारे १८ पीपीएम पडते. कोकणातल्या पावसाळी गोदामात ओल धरलेली पावडर २० टक्क्यांवर आली असेल, तर त्याच परिणामासाठी ९०० किलो लागतील. गोणीवरच्या आकड्यावर विसंबू नका, किटने तपासा. उन्हात क्लोरीन लवकर उडते म्हणून संध्याकाळी टाका, आणि गाळ आधी काढा, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्च होते.

आता अडचण. क्लोरीनने व्हिब्रिओ मरतात, त्यांच्याशी स्पर्धा करणारे सगळेही मरतात. मेलेल्यांचे पोषण पाण्यात मोकळे पडते. अशा रिकाम्या, खाद्याने भरलेल्या घरात सर्वात आधी शिरतो तो झपाट्याने वाढणारा, आणि व्हिब्रिओइतका वेगवान क्वचितच कुणी असतो. दर २० मिनिटांनी दुप्पट धरले तरी एका पेशीच्या आठ तासांत १ कोटी ६७ लाखांहून जास्त होतात. बीजाबरोबर किंवा पाण्याबरोबर एखादा प्लाझ्मिडवाला आला तर त्याला अख्खे मैदान मोकळे. म्हणून क्लोरीन उडाल्यावर लगेच बीज सोडू नये; पाण्याला रंग धरू द्यावा, इतर जिवाणूंची वस्ती बसू द्यावी. नर्सरीत बीज मोठे करून सोडणे, मधल्या खड्ड्यातून गाळ रोज काढणे, तिलापिया मासे ठेवलेल्या जलाशयाचे हिरवे पाणी वापरणे, हे उपाय त्याच तर्कावर उभे आहेत.

अँटिबायोटिक द्यावे का?

नाही. पहिले कारण, रोगट कोळंबी खातच नाही, मग खाद्यातले औषध तिच्यापर्यंत पोहोचणार कसे? दुसरे, लिव्हर विषाने गेलेले असते. जिवाणू मेला तरी गळालेल्या पेशी परत येत नाहीत.

तिसरे कारण या पानाच्या विषयाशी थेट जोडलेले. १९९२ मध्ये मद्रासमध्ये पटकीचा ओ-१३९ हा नवा प्रकार उसळला. त्याच्या डीएनएत एसएक्सटी नावाचा सुमारे एक लाख बेस-जोड्यांचा फिरता तुकडा होता, त्यावर अनेक औषधांना दाद न देणारी जनुके. सिप्रोफ्लोक्सासिनसारख्या औषधाने जिवाणूच्या डीएनएला इजा झाली, की हा तुकडा दुसऱ्या जिवाणूकडे जाण्याचे प्रमाण वाढते, हे २००४ मध्ये दाखवले गेले. म्हणजे औषधानेच देवाणघेवाणीला चालना मिळते. शिवाय कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीने कोळंबीशेतीत अनेक अँटिबायोटिकांवर बंदी घातली आहे, आणि निर्यातीच्या मालात अंश सापडला तर अख्खा कंटेनर परत येतो.

अशी कोळंबी खाल्ली तर माणसाला काही होते का?

पिर विष कोळंबीसाठी आहे. माणसाला त्रास देणाऱ्या पॅराहिमोलिटिकसकडे वेगळी जनुके असतात, टीडीएच आणि टीआरएच, आणि एएचपीएनडीच्या जिवाणूंत ती सहसा नसतात. मुळात हा जिवाणू माणसांमुळेच सापडला: १९५० मध्ये ओसाकात शिरासू ही बारीक मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले, २० दगावले, आणि त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी तो वेगळा काढला. १९९६ मध्ये कोलकात्यातून याच जिवाणूचा ओ-३:के-६ हा प्रकार जगभर पसरला.

टीडीएचही फिरणारे आहे. त्याच्या आजूबाजूला उडी मारणाऱ्या तुकड्यांच्या खुणा आहेत आणि ते व्हिब्रिओ मिमिकसमध्ये, पटकीच्या काही प्रकारांतही सापडते. कोळंबी नीट शिजवली की हे सगळे मरतात. कच्ची कोळंबी चिरलेल्या पाटावर कोशिंबीर चिरू नका.

कोकणातल्या कोळंबीशेतीने काय काळजी घ्यावी?

भारतात व्हॅनामेई कोळंबीला २००९ मध्ये परवानगी मिळाली. आयात ब्रूडस्टॉक चेन्नईच्या क्वारंटाइन केंद्रातूनच येतो. म्हणून नोंदणी असलेल्या हॅचरीचेच (बीज तयार करणाऱ्या केंद्राचेच) बीज घ्या आणि त्या लॉटचा पीसीआर अहवाल मागा, हॅचरीचा जुना नको. ब्रूडस्टॉकला जिवंत पॉलिकीट किडे खाऊ घालत असतील तर त्या किड्यांचीही तपासणी होते का, हे विचारा. ती प्लाझ्मिडवाल्या व्हिब्रिओंची ओळखीची वाट आहे.

भारतातल्या तलावांत लवकर मर झाली की प्रत्येक वेळी एएचपीएनडी समजू नये. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आणि ईएचपी हा सूक्ष्म परजीवी इथे कितीतरी जास्त भेटतात. ईएचपीही लिव्हरमध्येच बसतो, पण त्यात वाढ खुंटते, आकार लहान-मोठे होतात, मर सावकाश होते.

शंका आली तर पाणी खाडीत सोडू नका. स्लुइस (पाण्याचे दार) बंद करा, जाळी आणि बादल्या शेजारच्या तलावावर देऊ नका, मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा किंवा २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'रिपोर्ट फिश डिसीज' अ‍ॅपवर नोंद करा. तलाव क्लोरीनने मारून, क्लोरीन उतरल्याचे किटवर पाहून मगच पाणी बाहेर काढा. खाडीत तुमच्या प्लाझ्मिडची वाट पाहणारे नातेवाईक भरपूर आहेत.